हे पुस्तक या वयाला चालेल का? शाळकरी मुलांसाठी वाचन निवडण्याची पद्धत

मुलांच्या पुस्तकामागे '८ ते १२ वर्षे' असं छापलेलं असतं आणि बऱ्याचदा आपला निर्णय तिथेच संपतो. हा आकडा प्रकाशक टाकतो, पुस्तक कुठल्या फळीवर लावायचं ते विक्रेत्याला आणि कुणासाठी घ्यायचं ते ग्राहकाला पटकन कळावं म्हणून. तुमच्या समोर बसलेल्या मुलाचा विचार त्यात असूच शकत नाही. आठ वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल यांच्या वाचनात, भीतीत आणि समजुतीत इतकं अंतर असतं की त्यांना एका कंसात बसवणं ही निव्वळ सोय आहे.

मी स्वतः प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न वेगवेगळे विचारते. मुलाला ते वाचता येईल का? कळेल का? आणि पेलेल का? हे तिन्ही एकत्र केले की घोळ होतो. "तिचं वाचन फार पुढचं आहे, तिला काहीही द्या," असं म्हणणारे पालक पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर तिसरा प्रश्न निकालात काढतात. "यात मरण आहे, लहान मुलांना नको," असं म्हणणारे शिक्षक विषयाचं नाव ऐकूनच थांबतात, तो कसा मांडलाय ते बघतच नाहीत. खालचा क्रम या दोन्ही घाईंपासून वाचवतो. तो शाळेच्या वाचनालयात चालतो, वर्गात चालतो आणि घरीही.

आधी ठरवा: कोण वाचणार आणि कुठे?

एकच पुस्तक वाचनालयाच्या कपाटात योग्य आणि वर्गातल्या सक्तीच्या वाचनात अयोग्य असू शकतं. कपाटातलं पुस्तक मूल स्वतः उचलतं आणि नको वाटलं तर मिटून ठेवतं. वर्गात ते सगळ्यांना वाचावं लागतं, त्यावर प्रश्न येतात, सुटका नसते. म्हणून सर्वांत कडक चाळणी सक्तीच्या वाचनाला लावायची. मोठ्याने वाचून दाखवायच्या पुस्तकाला त्याहून सैल, कारण वाचणारा मोठा माणूस थांबू शकतो, समजावू शकतो, एखादा परिच्छेद गाळू शकतो. वाचनालयाचं कपाट मात्र ऐसपैस असावं. तिथे सगळ्याच मुलांना सगळंच झेपलं पाहिजे असं नाही. प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडलं पाहिजे.

पुस्तक हातात घेण्याआधी एका ओळीत लिहून ठेवा: "चौथीचा वर्ग, मी वाचून दाखवणार" किंवा "सहावी ते आठवी, वाचनालय". ही ओळ नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत जाते.

पुस्तक स्वतः वाचा

याला पर्याय नाही. मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकण्यासाठी असतो आणि कुणीतरी फोटो काढून पाठवलेलं एक पान बहुतेक वेळा संदर्भाशिवाय येतं. वर्गात लावायचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे. वाचनालयासाठी एकदम साठ-सत्तर पुस्तकं आली असतील तर प्रत्येकाचं पहिलं प्रकरण, मधली दहा-पंधरा पानं आणि शेवटचं प्रकरण पूर्ण वाचा. जिथे शंका येईल तिथे मात्र पूर्ण पुस्तक.

चित्रांचं पुस्तक दोनदा पाहा, एकदा मजकुरासह आणि एकदा मजकूर झाकून. ज्यांना अजून नीट वाचता येत नाही ती मुलं चित्रंच वाचतात आणि एखाद्या चित्रातली भीती मजकुरातल्या दिलाशाच्या आधी पोचते. कॉमिक्सबाबत तर हे फारच महत्त्वाचं. चित्रमय मांडणी म्हणजे लहानांसाठी, असं समजून प्रौढांसाठी काढलेली पुस्तकं शाळेच्या कपाटात सर्रास येऊन बसतात.

माहितीपर पुस्तकात आवृत्तीचं वर्ष बघा. सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारं पुस्तक २००६ च्या आधीच्या माहितीवर उभं आहे, कारण त्या वर्षी प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. बाकीच्या पानांवरही तितकीच जुनी माहिती असणार.

भाषा झेपते का?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये मांडलेले आकडे आजही अंदाजाला उपयोगी पडतात. शंभरातले ९९ शब्द मूल बरोबर वाचत असेल तर ते पुस्तक त्याला एकट्याने झेपेल. ९५ पर्यंत वाचत असेल तर शेजारी कुणीतरी हवं. ९० च्या खाली गेलं की वाचन म्हणजे नुसती फरफट. घरी यासाठी सोपी युक्ती आहे: पुस्तक मधेच कुठेतरी उघडा, मुलाला एक पान वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. पाचही बोटं मिटली तर हे पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा.

पण हे आकडे इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून आले आहेत आणि मराठीत एक मोठी फसगत होते. आपल्या लिपीत अक्षरं आणि जोडाक्षरं ओळखता आली की मूल कुठलाही शब्द घडाघडा वाचू शकतं. 'अपरिहार्य' किंवा 'दीर्घिका' हे शब्द तिसरीतली मुलगी न अडखळता म्हणेल आणि अर्थ तिच्या गावीही नसेल. म्हणून मराठीत उच्चाराच्या चुका मोजू नका, अर्थ अडलेले शब्द मोजा. पान वाचून झालं की पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, "काय झालं गं या पानात?" तिने शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं तर फक्त अक्षरं वाचली गेली आहेत. तिने "तो मुलगा खोटं बोलला, पण भावाला वाचवायला" असं आपल्या शब्दांत सांगितलं, वाटेत दोन नावं विसरली तरी, तर पुस्तक तिला कळतंय.

मराठीत आणखी दोन अडचणी असतात. 'घराबाहेरच्यांनासुद्धा' यांसारखे प्रत्ययांवर प्रत्यय चढलेले लांब शब्द एकेकटे सोपे, पण वाक्यात तीन आले की लहान वाचकाची दमछाक होते. दुसरी अडचण बोलीची. बोलीतले संवाद एका मुलाला घरचे वाटतात आणि दुसऱ्याला परके. प्रमाण मराठीच्या बाबतीत याच्या उलट घडतं. एकाच मुलाकडून वाचून घेतलंत तर हे कळणार नाही. निदान दोन-तीन वेगवेगळ्या घरांतल्या मुलांकडून वाचून घ्या.

शब्दांइतकंच महत्त्व विषयाच्या ओळखीला आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुलं तो मजकूर वाचनात पक्क्या, पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा चांगला समजली. क्रिकेटवेडा, कीटकवेडा, रेल्वेवेडा मुलगा आपल्या विषयातलं दोन इयत्ता पुढचं पुस्तक आरामात पचवतो. त्याला ते नाकारू नका.

वाचनपातळीचे तयार आकडे, म्हणजे लेक्साइलसारखी मापं, मुख्यतः वाक्याची लांबी आणि शब्द किती वापरातला आहे एवढंच पाहतात. जॉन स्टाइनबेक यांची १९३९ सालची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी भूक, विस्थापन आणि मृत्यू यांनी भरलेली आहे. त्या मापावर तिचा आकडा ६८० आहे आणि अमेरिकेत दुसरी-तिसरीच्या वाचनासाठी धरलेल्या टप्प्यात तो बसतो! वाक्यं छोटी, शब्द रोजचे, एवढंच त्या आकड्याला दिसलं. तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तिसऱ्याबद्दल तो मुकाच आहे.

पेलेल का? इथे वेळ घ्या

वयानुसार भीती बदलते. सात वर्षांखालच्या मुलांना जे दिसायला भयंकर ते घाबरवतं: राक्षस, विद्रूप चेहरा, अचानक होणारं रूपांतर. ते खोटं आहे असं सांगून फारसा उपयोग होत नाही. आठव्या-नवव्या वर्षी राक्षसाची भीती ओसरते आणि खरोखर घडू शकेल अशा गोष्टी धसका देतात: आग, अपहरण, आईवडिलांचं वेगळं होणं. अकरा-बारानंतर मित्रांनी वाळीत टाकणं, अन्याय, स्वतःचं शरीर हे विषय टोचायला लागतात. वाचनाच्या टप्प्यांवर काम केलेल्या जीन चॉल यांनी, एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या अनेक परस्परविरोधी बाजू वाचून समजून घेण्याचा टप्पा साधारण चौदा ते अठरा या वयात धरला आहे. ज्या गोष्टीत नायक चुकीचाही आहे आणि बरोबरही, ती गोष्ट दहाव्या वर्षी नुसती गोंधळात टाकू शकते.

तरीही विषयावरून निकाल देऊ नका, मांडणीवरून द्या. आजोबांच्या मृत्यूबद्दल सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले हे दोन तुकडे पाहा. मी ते फक्त फरक दाखवण्यासाठी रचले आहेत.

पहिला: "आजोबा खूप लांबच्या प्रवासाला गेले. आई म्हणाली, ते आकाशातून तुझ्याकडे बघतात. मीनू रोज फाटकापाशी उभी राहू लागली."

दुसरा: "आजोबांचं शरीर चालायचं थांबलं. ते आता परत येणार नाहीत. मीनूने त्यांचा चष्मा पुसून डबीत ठेवला. रात्री तिला रडू आलं, तेव्हा आई शेजारी येऊन बसली."

वरवर पाहता पहिला मऊ आहे आणि बहुतेक मोठी माणसं तोच निवडतील. पण गेलेलं माणूस परत येत नाही, शरीराचं काम पूर्ण थांबतं आणि हे प्रत्येक सजीवाला लागू आहे, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात हळूहळू उमगत असतात. नेमक्या त्या वयात 'प्रवासाला गेले' हे मूल शब्दशः घेतं. मग वाट पाहणं आलं, आणि बाबा गावाला निघाले की रडणंही आलं. दुसऱ्या तुकड्यात सत्य स्पष्ट आहे, मुलीला करायला एक छोटं काम आहे आणि रडताना जवळ माणूस आहे. मी सहा वर्षांच्या मुलाला दुसरा देईन.

मांडणी तपासताना मी काही गोष्टी मुद्दाम बघते. घटना कुणाच्या नजरेतून दिसते, सोसणाऱ्याच्या की मजा बघणाऱ्याच्या? तपशील किती, आणि तो कथेला लागतो म्हणून आहे की वाचकाला हादरवायला? हिंसेचे परिणाम दिसतात का, की मार खाणारा पुढच्या पानावर टुणकन उभा राहतो? मुलाच्या बाजूचं एक तरी माणूस कथेत आहे का? आणि शेवटच्या पानावर वाचक कुठे सोडला जातो? शेवट गोड असण्याची गरज नाही, पण दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाला पुढे जायची एखादी वाट दिसली पाहिजे.

आत्महत्या किंवा स्वतःला इजा करून घेणं यांचा उल्लेख असेल तर चाळणी वेगळी. जागतिक आरोग्य संघटना प्रसारमाध्यमांना सांगते की पद्धतीचं तपशीलवार वर्णन करू नये, ती कृती अडचणीवरचा उपाय म्हणून रंगवू नये आणि मदत कुठे मिळेल ते सांगावं. मुलांच्या पुस्तकालाही हीच कसोटी लावा. त्यात नापास होणारं पुस्तक, त्याची भाषा कितीही सुंदर असली तरी, शाळेत एकट्याने वाचायला देऊ नये.

उशीर झाला तरी पुस्तक अयोग्यच

वयाची चर्चा बहुधा 'फार लवकर' याच भीतीभोवती फिरते. मला उलटी चूक जास्त टोचते. मुलींच्या शरीरातले वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांच्या ९ ते १४ या वयात सुरू होतात. मासिक पाळीवरचं पुस्तक आठवीच्या कपाटात ठेवलंत तर वर्गातल्या बऱ्याच मुलींनी ते सगळं घाबरत, एकटीने, अर्धवट ऐकीव माहितीवर काढलेलं असतं. अशी माहिती बदलाच्या आधी पोचायला हवी, म्हणजे चौथी-पाचवीत, आणि मुलग्यांनाही. नकोशा स्पर्शाबद्दलचं साधं, चित्रमय पुस्तक तर पहिलीच्या आधीही चालतं. ते वाचल्याने मुलाची निरागसता जात नाही. त्याला बोलायला शब्द मिळतात.

आपला संकोच आणि मुलाचं नुकसान वेगळं करा

एखाद्या पानावर मन अडखळलं की कागदावर लिहा: "हे वाचून मुलाला नेमकं काय होईल?" उत्तर लिहिता आलं, जसं "एकटं झोपायला घाबरेल" किंवा "चुकीचं औषध करून बघेल", तर तो विचारात घ्यायचा मुद्दा. "मला वाचून दाखवताना अवघडल्यासारखं होईल" असं उत्तर आलं तर प्रश्न तुमचा आहे. ते पुस्तक दुसऱ्या कुणाला वाचून दाखवू द्या. उलट उत्तर देणारा मुलगा, एखादी शिवी, आईशी भांडणारी मुलगी यांवर आपण फार लवकर भडकतो.

आणि जे खरोखर बोचायला हवं ते सवयीने सुटतं. काळा रंग म्हणजे दुष्ट, लंगडा म्हणजे कपटी, जाड मूल म्हणजे हसण्याचा विषय, मुलगी म्हणजे सोडवून आणायची वस्तू: या गोष्टी आपण लहानपणी वाचल्या, म्हणून त्या 'मुलांच्या' वाटतात. वर्गातल्या ज्या मुलाचा तो रंग, तो पाय, ते शरीर आहे त्याच्या जागी बसून ते पान वाचा. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तकं आरसा असतात आणि खिडकीही. कपाटाकडे एकदा या नजरेने पाहा: कुठल्या मुलांना इथे स्वतःचा चेहराच दिसत नाही, आणि कुणाला फक्त स्वतःचाच दिसतो?

जुनी पुस्तकं सरसकट काढून टाका असं मी म्हणणार नाही. सातवीच्या वर्गात बोलत बोलत वाचायला त्यांतली काही फार कामाची असतात. पहिलीतल्या मुलाला ती एकट्याने वाचायला देणं टाळा.

पुढे गेलेला आणि मागे राहिलेला वाचक

आठ वर्षांची मुलगी चौदा वर्षांच्या मुलांची भाषा वाचते, तिला काय द्यायचं? वर चढवण्याऐवजी आडवं पसरवा. प्राणी, अवकाश, इतिहास, चरित्रं, प्रवास, कविता, कोडी, लांबलचक साहसकथा: भाषा कसदार, पण भावनेचा भार तिच्या वयाचा. प्रेमभंगाची किंवा युद्धातल्या क्रौर्याची कादंबरी ती घडाघडा वाचेल, आणि मग महिनाभर कुणाला न सांगता त्यातल्या एका प्रसंगाला घाबरत राहील.

तेरा वर्षांचा मुलगा तिसरीच्या पातळीवर वाचत असेल तर जास्त जपून. त्याला ससा-कासवाचं पुस्तक देऊ नका. मित्रांसमोर तो ते उघडणारच नाही. त्याला छोटी वाक्यं, छोटी प्रकरणं हवीत, पण विषय तेरा वर्षांचा: खेळ, मैत्री, रहस्य, यंत्रं. मुखपृष्ठही बाळबोध नको. इंग्रजीत अशी पुस्तकं 'हाय-लो' नावाने मुद्दाम काढली जातात. मराठीत शोधताना लघुकथा, कॉमिक्स आणि खेळाडूंवरचे छोटे लेख यांतून बरंच सापडतं. आणि त्याला वाचून दाखवा. वाचता येतं त्याहून कितीतरी जास्त ऐकून समजतं, विशेषतः ज्याचं वाचन मागे राहिलंय त्याला.

मुलाला बाहेर पडायची वाट द्या

पुस्तक देताना स्पष्ट सांगा: "आवडलं नाही, भीती वाटली, तर बंद कर. पूर्ण केलंच पाहिजे असं नाही." ही मुभा असलेली मुलं स्वतःच चांगली चाळणी लावतात. बरीचशी मुलं न झेपणारा भाग नकळत ओलांडून पुढे जातात. पुस्तक जड गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येणं, रात्री दिवा चालू ठेवायचा हट्ट, किंवा आवडीने घेतलेलं पुस्तक गुपचूप दप्तराच्या तळाशी जाणं. अशा वेळी "मी सांगितलं होतं ना" म्हणू नका. "कुठल्या पानावर थांबलास?" एवढंच विचारा, ते पान दोघांनी मिळून वाचा आणि पुढे काय होतं ते हवं तर सांगून टाका.

टिपण ठेवा

शाळेत हे काम एकट्याने करू नका. ग्रंथपाल, त्या इयत्तेचे शिक्षक आणि आणखी एक वाचक अशा तिघांनी पुस्तक वाचून अर्ध्या पानाचं टिपण ठेवावं. ते असं असू शकतं:

"कथा, १२० पानं. दहा वर्षांचा मुलगा, आईवडील वेगळे होतात. मुलाच्याच नजरेतून. भांडणाची दोन दृश्यं, मारहाण नाही. एक शिवी (पान ४७). शेवटी मुलगा दोन्ही घरी रुळतो, आईवडील एकत्र येत नाहीत. वाक्यं सोपी, प्रकरणं लहान. चौथीपासून वाचनालयात ठेवावं. पाचवीत वाचून दाखवायला चांगलं. वर्गात सक्तीने नको, ज्यांच्या घरी हे आत्ता चालू आहे त्यांना सुटका राहणार नाही."

खाली तारीख आणि तिघांच्या सह्या. वर्षभराने नवीन शिक्षक आले तरी निर्णय का झाला ते कळतं.

हरकत आली तर

हरकत घेणाऱ्या पालकाचं आधी शांतपणे ऐका, बहुतेक वेळा त्यामागे खरी काळजी असते. मग तीन गोष्टी लेखी मागा: पुस्तक पूर्ण वाचलं का, कुठल्या पानावर आक्षेप आहे, आणि त्याने मुलावर काय परिणाम होईल असं वाटतं. आपल्या मुलाला ते पुस्तक नको हा त्यांचा निर्णय लगेच मान्य करा आणि त्या मुलाला तोलामोलाचं दुसरं द्या, शिक्षा वाटेल असं नाही. सगळ्या मुलांच्या हातातून ते काढायचं का, हा वेगळा प्रश्न. त्यावर तिघांनी पुस्तक पुन्हा पूर्ण वाचून निर्णय द्यावा आणि तोवर पुस्तक कपाटातच राहू द्यावं. वाद उठताच गुपचूप काढून ठेवलेली पुस्तकं सहसा परत येत नाहीत.

या चर्चेत संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आधाराला घेता येतो. त्याच्या १३ व्या कलमात माहिती आणि विचार मिळवण्याचा मुलांचा हक्क आहे. १७ व्या कलमात बालसाहित्याला उत्तेजन देणं आणि हानिकारक मजकुरापासून मुलांना जपणं या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत. ५ वं कलम पालकांच्या मार्गदर्शनाचा अधिकार मान्य करतं, पण मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून. टिपण आणि हरकतीचा कागद समोर ठेवून बोला, पुस्तकातला तो भाग सगळ्यांसमोर मागच्या-पुढच्या पानांसकट मोठ्याने वाचा, आणि निर्णय कारणासह पालकांना लेखी कळवा. पुस्तक ठेवायचं पण इयत्ता बदलायची, किंवा सक्तीतून काढून वाचनालयात न्यायचं, असे मधले मार्गही असतात. 'ठेवा' किंवा 'काढा' यावर येण्याआधी ते तपासून बघा.